कोकीनाचे शहर आणि खाणीपाशी मुक्काम : ट्रेलरने सेंट ऑगस्टीनला जाणाऱ्या दांपत्यासाठी

फ्लोरिडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरचे सेंट ऑगस्टीन हे आजच्या अमेरिकेच्या मुख्य भूमीवर युरोपीयांनी वसवलेले आणि तेव्हापासून सलग नांदत आलेले सर्वांत जुने शहर. स्पेनचा सरदार पेद्रो मेनेंदेस दे आविलेस ८ सप्टेंबर १५६५ रोजी येथे उतरला. जुन्या गावाचा पसारा जेमतेम मैलभराचा आणि त्याच्या गल्ल्या घोडा व बैलगाडी यांच्या मापाने आखलेल्या. मागे पंचवीस फुटी ट्रेलर जोडलेल्या गाडीला तेथे वळायलाही जागा नाही, उभे राहायला तर नाहीच. म्हणून ट्रेलरने फिरणाऱ्या दांपत्याने या शहराचा बेत मुक्कामाच्या जागेपासून आखायला घ्यावा.

ती जागा शहरासमोर खाडीपलीकडे अनास्तासिया बेटावर आहे. तेथील अनास्तासिया स्टेट पार्कमध्ये ट्रेलर व तंबूंसाठी १३९ जागा आहेत. समुद्रवाऱ्याने वाकलेल्या सदाहरित ओकांची दाट सावली, चार मैलांचा मोकळा किनारा आणि जुने शहर सुमारे अडीच मैलांवर. या पार्कची खरी दौलत मात्र प्रवेशद्वाराजवळच्या झाडीत आहे. ज्या खाणींतून स्पॅनिशांनी किल्ल्याचा आणि निम्म्या शहराचा दगड काढला, त्या तेथे अजून दिसतात. येथे मुक्काम केला की शहर कशाचे बनले आहे हे आधी पाहायला मिळते आणि मग शहर. हा क्रम फार समाधान देणारा आहे. त्यासाठी थोडी आधीपासून खटपट करावी लागली तरी ती करावी.

खटपट आरक्षणाची. फ्लोरिडाच्या स्टेट पार्कांमध्ये त्या राज्याच्या रहिवाशांना अकरा महिने आधी आणि बाहेरच्यांना दहा महिने आधी जागा राखता येते. बाहेरच्यांसाठी दार उघडते तोवर हिवाळ्यातले शनिवार-रविवार बहुधा भरलेले असतात. निवृत्त दांपत्याला रविवार ते गुरुवार असा मुक्काम सहज जमतो. तसाच मागावा. लोक बेत बदलतात आणि रद्द झालेल्या जागा आयत्या वेळी मोकळ्या होतात, त्यामुळे प्रवासाच्या आदल्या दोन आठवड्यांत रोज एकदा पाहणे फळते. आरक्षण करताना जागेची लांबी नीट वाचावी, कारण झाडांमुळे काही जागा आखूड आणि वळणाच्या आहेत. तीस फुटांहून लांब ट्रेलर असेल, किंवा सांडपाण्याची नळी मुक्कामाच्या जागीच जोडलेली हवी असेल, तर आसपासचे खासगी कॅम्पग्राउंड अधिक सोयीचे. तेथे सावली कमी आणि भाडे जास्त, पण ट्रेलर लावणे सोपे.

हंगाम निवडताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. जून ते सप्टेंबरमध्ये दमट उकाडा असतो आणि बहुतेक दुपारी विजांसह पाऊस कोसळतो. चक्रीवादळांचा अधिकृत काळ १ जून ते ३० नोव्हेंबर. २०१६ चे मॅथ्यू आणि २०१७ चे इर्मा या दोन्ही वादळांत शहराच्या खाडीकाठी पाणी शिरले होते. या काळात जायचेच तर ट्रेलर जोडून दोन तासांत निघता येईल अशी तयारी ठेवावी आणि स्थलांतराचा हुकूम येण्याची वाट न पाहता निघावे. वादळाच्या वाऱ्यात ट्रेलर ओढणे म्हणजे जिवाशी खेळ. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत जुन्या शहरावर लाखो पांढरे दिवे लावतात. तो देखावा सुंदर असतो, पण संध्याकाळी पुलावर वाहने तासन्‌तास खोळंबतात. शांतपणे पाहायचे असेल तर फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध उत्तम.

ट्रेलर स्वतःचा नसेल तर एक गोष्ट आधीच पक्की करावी. भाड्याच्या बहुतेक मोटारींच्या करारात काहीही ओढण्यास मनाई असते. भारतातून मुलांकडे आलेल्या आईवडिलांनी मुलाच्या गाडीने ट्रेलर न्यायचा ठरवला, तरी त्या गाडीची ओढण्याची क्षमता आणि विम्यात चालवणाऱ्याचे नाव, दोन्ही तपासावे. क्षमतेचा आकडा जाहिरातीवरून घेऊ नये. दाराच्या चौकटीवरील पट्टीवर आणि गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच खरे. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार जोडाच्या गोळ्यावर पडायला हवा. त्याहून कमी पडला की ट्रेलर महामार्गावर शेपटी हलवू लागतो, जास्त पडला की ओढणाऱ्या गाडीची पुढची चाके हलकी होतात. म्हणून जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे आणि खाली ठेवावे. तांदळाची गोणी, डाळी, कुकर असे जिन्नस मागच्या कपाटात भरण्याची सवय असते, ती मोडावी.

पाण्याचेही वजन असते. चाळीस गॅलनची टाकी भरून निघाले तर दीडशे किलो ओझे विनाकारण ओढले जाते. अनास्तासियाच्या प्रत्येक जागेवर नळ व वीज आहे, तेव्हा वाटेपुरते थोडे पाणी ठेवून टाकी रिकामी न्यावी. निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा मोजावी आणि टायरच्या कडेवर छापलेले उत्पादनाचे वर्ष पाहावे. ट्रेलर महिनोन्‌महिने उभा असतो, त्यामुळे नक्षी शाबूत दिसत असली तरी रबर म्हातारे झालेले असते. ट्रेलरचे पुष्कळ टायर ताशी ६५ मैलांपर्यंतच्याच वेगासाठी बनवलेले असतात. महामार्गावर बाकीची गर्दी पंच्याहत्तरने धावत असली तरी ट्रेलरवाल्याने उजवी मार्गिका धरून साठ-बासष्टने जावे. शेजारून मोठा ट्रक गेला आणि ट्रेलर झुलू लागला तर पाय अॅक्सिलरेटरवरून काढावा, चक्र सरळ धरावे आणि ब्रेक कंट्रोलरचा हाताने चालवायचा खटका हलकेच दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत. गाडीचा ब्रेक जोरात दाबणे ही येथे सर्वांत घातक चूक. हा खटका कुठे आहे हे दोघांनाही माहीत असावे.

जॅक्सनव्हिलकडून किंवा ऑर्लँडोकडून आंतरराज्य ९५ ने येताना नकाशाचे अॅप शहरात नेणारा सर्वांत जवळचा रस्ता सुचवते. तो रस्ता जुन्या शहराच्या काठाने ‘ब्रिज ऑफ लायन्स’वर येतो आणि तेथे ट्रेलर घेऊन अडकण्यात कुणाचेच हित नाही. ३११ क्रमांकाच्या फाट्यावर उतरून राज्यमार्ग २०७ आणि पुढे ३१२ धरावा. ३१२ चा उंच, रुंद पूल खाडी ओलांडून थेट बेटावर उतरवतो, तेथून डावीकडे ए-वन-ए रस्त्याने थोडे उत्तरेला गेले की पार्कचे फाटक. किराणा जॅक्सनव्हिलसारख्या मोठ्या शहरातच भरून घ्यावा, कारण कढीपत्ता आणि तूरडाळ सेंट ऑगस्टीनमध्ये शोधत बसण्यात अर्धा दिवस जातो.

जागा दुपारी तीनपासून मिळते. उजेडात पोचणे हा नियमच समजावा, कारण पुढचे काम उजेडाचेच आहे.

ट्रेलर मागे घेणे हा या प्रवासातला दांपत्याच्या समजुतीचा खरा कस. एकजण चालवतो, दुसरा खाली उतरून दाखवतो. फाटकाबाहेरच, गाडी थांबलेली असताना, खुणा ठरवून घ्याव्यात. ‘इकडे घे’ या शब्दांना काही अर्थ नसतो, कारण ‘इकडे’ कुणाचे हे कुणालाच माहीत नसते. ‘ट्रेलरचे शेपूट चालकाच्या बाजूला’ आणि ‘शेपूट दुसऱ्या बाजूला’ अशी भाषा ठेवावी. दाखवणाऱ्याने नेहमी चालकाच्या आरशात दिसेल असे उभे राहावे. आरशात माणूस दिसेनासा झाला की चालकाने तत्क्षणी थांबावे, मग कितीही जवळ आलेले असो. चालकाने हात चक्राच्या तळाशी धरला तर हात ज्या बाजूला सरकेल त्याच बाजूला ट्रेलरचे मागचे टोक जाते. एवढे लक्षात ठेवले की निम्मा गोंधळ मिटतो. अनास्तासियात ओकांच्या फांद्या खाली आलेल्या आहेत. जमिनीकडेच पाहत राहिल्याने छपरावरच्या एसीची टोपी फांदीला लागून फुटते. दाखवणाऱ्याने दर दोन पावलांनी वर पाहावे. शंका आली तर चालकाने उतरून स्वतः पाहून यावे. मागे गाड्या खोळंबल्या तरी कॅम्पग्राउंडमधले लोक सहसा समजून घेतात, त्या प्रत्येकाने हे केलेले असते. मोबाइलवर एकमेकांना फोन लावून बोलणे ओरडण्यापेक्षा बरे. संसाराच्या चाळीसाव्या वर्षीही चारचौघांत चढलेला आवाज मनाला लागतोच.

ट्रेलर जागेवर आला की आधी आडवी पातळी साधावी, मग चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि त्यानंतरच जोड सोडावा. हा क्रम उलटला तर ट्रेलर उताराने चालू लागतो. तीस अँपियरच्या जोडणीवर साधारण ३,६०० वॅटचा भार चालतो. एसी चालू असताना इंडक्शन शेगडी आणि मायक्रोवेव्ह दोन्ही लावले की खटका पडतोच. भात शिजेपर्यंत एसी बंद ठेवावा. फोडणी शक्यतो बाहेर, लाकडी मेजावर छोट्या गॅसवर करावी. ट्रेलरच्या बंद खोलीत मोहरी-मिरचीच्या धुराने धुराची घंटा वाजते, म्हणून काहीजण ती काढून ठेवतात. असे कधीही करू नये. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी ही यंत्रे झोपलेल्या माणसांचे प्राण वाचवतात. रात्री खरकटे आणि खाण्याचे डबे बाहेर राहू देऊ नयेत. येथील रॅकून झाकण उघडण्यात तरबेज आहेत. संध्याकाळी वारा पडला की डोळ्यांना न दिसणारे चावरे कीटक येतात, त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत.

पहिल्या संध्याकाळी शहरात जाण्याची घाई करू नये. पायी फाटकाजवळच्या खाणींपर्यंत जावे. झाडीत सरळ कापलेले, शेवाळलेले कडे दिसतात. जवळ जाऊन पाहिले की कळते, हा दगड म्हणजे दुसरे काही नसून इवल्या शिंपल्यांचा चिकटून घट्ट झालेला थर आहे. स्पॅनिशमध्ये त्याला कोकीना म्हणजे छोटा शिंपला म्हणतात. हजारो वर्षे साचलेल्या शिंपल्यांतून पावसाचे पाणी झिरपले, त्यातला चुना विरघळून पुन्हा बसला आणि शिंपले एकमेकांना बांधले गेले. खाणीतून काढताना हा दगड ओला आणि मऊ असतो, कुऱ्हाडीने कापता येतो. उन्हावाऱ्यात वाळला की टणक होतो. कोकणातल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल, कारण जांभ्या दगडाचाही गुण असाच. हे चिरे बैलगाड्यांनी जवळच्या ओहोळापर्यंत नेत आणि तेथून तराफ्यांवर घालून खाडीपार. सांधण्यासाठी लागणारा चुना कालवांचे शिंपले भाजून करत. हे काम करणाऱ्यांत हवानाहून आणलेले गवंडी होते, तसेच तिमुकुआ, ग्वाले आणि आपालाची या मूळ जमातींतले मजूर, कैदी आणि गुलाम होते. किल्ल्याच्या भिंतीवर त्यांची नावे नाहीत. खाणीत उभे राहून त्यांची आठवण होणे साहजिक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहर. जोड सोडलेली गाडी घेऊन ब्रिज ऑफ लायन्सवरून जावे. १९२७ साली खुल्या झालेल्या या पुलाच्या तोंडाशी इटलीच्या कारारा संगमरवराचे दोन सिंह आहेत. पूल उघडणारा आहे. बोटींसाठी तो वर उचलला जातो तेव्हा रस्ता थांबतो, तेव्हा ठरलेल्या वेळेच्या फेरीला जायचे असेल तर पदरी वीस मिनिटे ठेवावीत. पर्यटन माहिती केंद्राला लागून बहुमजली वाहनतळ आहे. पिकअपच्या टपावर पेटी किंवा सायकली असतील तर आधी उंची मोजून तळाच्या पाटीशी ताडून पाहावी. गुडघे धड असतील त्यांनी सायकलनेच यावे, अंतर कमी आहे आणि पुलाला पदपथ आहे.

कास्तियो दे सान मार्कोस हा किल्ला सकाळी दार उघडताच पाहावा. प्रौढांसाठी प्रवेशशुल्क १५ डॉलर असून तेच तिकीट सात दिवस चालते, त्यामुळे एकाच फेरीत सगळे उरकण्याची गरज नाही. बासष्टी ओलांडलेल्या अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना राष्ट्रीय उद्यानांचा आजीवन ज्येष्ठ पास ८० डॉलरला मिळतो. त्यावर येथे पासधारकासह आणखी तीन प्रौढांना प्रवेश आहे, म्हणजे जोडप्याला एकच पास पुरतो. वर्षानुवर्षे अमेरिकेत राहूनही हा पास न काढलेली मराठी जोडपी आढळतात; त्यांनी तो येथेच काढावा.

गावाभोवती आधी लाकडी किल्ले एकामागून एक बांधले गेले. ते कुजत, जळत. १५८६ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने गाव जाळले, १६६८ मध्ये रॉबर्ट सर्ल या चाच्याने लुटले. तेव्हा कुठे स्पेनचा खजिना सैल झाला आणि १६७२ मध्ये अभियंता इग्नासियो दासाच्या आराखड्यावर दगडी बांधकाम सुरू झाले. १६९५ पर्यंत ते चालले. चौकोनी गाभा आणि चार कोपऱ्यांवर भाल्याच्या पात्यासारखे पुढे आलेले बुरूज, अशी याची रचना. एका बुरुजावरून शेजारच्या बुरुजाच्या तटाचा प्रत्येक हात दिसावा, शत्रूला आडोसा सापडू नये, असा त्यामागचा हिशेब. वसईचा किल्ला पाहिलेल्याला हे टोकदार बुरूज परके वाटत नाहीत. दोन्ही बांधकामे युरोपातल्या एकाच तटबंदीशास्त्राची लेकरे. चिमाजी आप्पांनी वसई १७३९ मध्ये घेतली, आणि पुढच्याच वर्षी जॉर्जियाचा संस्थापक जेम्स ओग्लथॉर्पने सेंट ऑगस्टीनला वेढा दिला. वसईत मराठ्यांनी भिंतीपर्यंत पोचून सुरुंग लावले आणि तट फोडला. ओग्लथॉर्पच्या तोफा खाडीपलीकडे होत्या, म्हणजे आज जेथे ट्रेलर उभे राहतात त्याच अनास्तासिया बेटावर. सुमारे महिनाभर गोळे डागूनही तट ढासळला नाही. कठीण दगड तडकून फुटला असता. कोकीनात हवेची असंख्य छिद्रे असल्याने गोळा आत घुसून अडकून बसत असे. हा किल्ला लढाईत कुणालाही कधी घेता आला नाही. १७६३ मध्ये तो ब्रिटिशांकडे, मग पुन्हा स्पेनकडे आणि १८२१ मध्ये अमेरिकेकडे गेला तो प्रत्येक वेळी कागदावर.

तटाखालच्या खोल्या घाईने ओलांडू नयेत. इंग्रजांनी १७०२ मध्ये दिलेल्या वेढ्यात सुमारे दीड हजार माणसे या चौकात जवळजवळ पन्नास दिवस राहिली आणि बाहेर त्यांचे गाव जळत होते. १८७५ ते १८७८ या काळात अमेरिकी सैन्याने शाएन, कायोवा, कोमांची, अरापाहो या मैदानी जमातींच्या सत्तरहून अधिक माणसांना येथे कैदेत ठेवले. त्यांपैकी काहींनी हिशेबाच्या वह्यांवर घोडे, शिकार आणि आगगाडीने केलेला कैदेचा प्रवास रंगवला. ती चित्रे आज संग्रहालयांत जपली जातात. १८८६-८७ मध्ये सुमारे पाचशे अपाची येथे कोंबले गेले, त्यांत बायका-मुले पुष्कळ होती. मार्गदर्शक पुस्तिकांत तोफांना जेवढी जागा असते तेवढी या कैद्यांना नसते, म्हणून या खोल्यांतल्या माहितीफलकांसाठी निदान अर्धा तास राखावा. वरच्या तोफांच्या गच्चीवर जाणारा जिना चढणीचा आहे. ज्यांना तो झेपत नाही त्यांनी खाली चौकातच बसावे. आठवड्याच्या शेवटी जुन्या वेषातले स्वयंसेवक तोफ डागून दाखवतात. गच्चीवर सावली नाही. टोपी आणि पाणी न्यावे.

किल्ल्यातून बाहेर पडले की समोर १८०८ मधल्या वेशीचे दोन कोकीना खांब आणि त्यापुढे सेंट जॉर्ज रस्ता. येथे वाहनांना बंदी आहे. रस्ता जुना, पण त्यावरची बरीच घरे विसाव्या शतकात जुन्या नमुन्यांवरून पुन्हा उभारलेली आहेत आणि त्यांत आइस्क्रीम, टोप्या, मिठाई यांची दुकाने आहेत. दहाच्या आत गेले तर सज्जे आणि कुंपणभिंती निवांत दिसतात, दुपारी नुसती गर्दी. येथून दक्षिणेला भरचौकात १७९० च्या दशकातले कॅथेड्रल आहे. चौकाच्या पलीकडे आविलेस रस्त्यावरून सेंट फ्रान्सिस रस्त्यापर्यंत चालत जावे. जुने गाव खऱ्या अर्थाने तेथे भेटते. गोन्सालेस-आल्वारेस घराच्या तळमजल्याच्या भिंती कोकीनाच्या आहेत, आणि आदल्या संध्याकाळी खाणीत पाहिलेला दगड येथे कुणाच्या तरी स्वयंपाकघराची भिंत झालेला दिसतो.

जेवायच्या वेळी दातिल मिरचीची चटणी मागावी. ही पिवळी, चांगलीच तिखट मिरची येथील मिनोर्कन लोकांच्या स्वयंपाकाची ओळख. त्यांचे पूर्वज १७६८ मध्ये भूमध्य समुद्रातल्या मिनोर्का बेटावरून आणि ग्रीस-इटलीतून नीळ पिकवण्यासाठी न्यू स्मर्ना येथे आणले गेले. तेथे उपासमार आणि छळ सोसून उरलेले लोक १७७७ मध्ये उत्तरेला चालत येऊन या गावाच्या आसऱ्याला आले. चंपारणची नीळ ज्यांना आठवते त्यांना ही कहाणी वेगळी सांगावी लागत नाही. शाकाहारी दांपत्याने मिनोर्कन चाउडर टाळावे, त्यात शिंपले असतात; चटणी मात्र ट्रेलरमधल्या थालीपिठाबरोबरही छान लागते आणि बाटली घरी नेता येते.

तिसरा दिवस एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाला द्यावा. स्टँडर्ड ऑइलमध्ये श्रीमंत झालेल्या हेन्री फ्लॅगलरने १८८८ मध्ये पाँस दे लिओन हॉटेल उघडले. कोकीनाची खडी घातलेल्या ओतीव काँक्रीटची ही अवाढव्य इमारत १९६८ पासून फ्लॅगलर कॉलेजची आहे. आतल्या भोजनगृहाला टिफनीच्या रंगीत काचांच्या खिडक्या आहेत, आणि विद्यार्थी अजून तेथे जेवतात. मार्गदर्शकासह होणाऱ्या फेरीतच त्या दिसतात. समोरचे अल्काझार हॉटेल आता लाइटनर संग्रहालय आहे.

येथून दहा-पंधरा मिनिटे चालले की लिंकनव्हिल. गुलामीतून सुटलेल्यांनी १८६६ मध्ये वसवलेल्या या वस्तीत पर्यटकांची ट्रॉली थोडक्यात फिरून जाते, पण ज्यांना अमेरिका समजून घ्यायची आहे त्यांनी येथे उतरून चालावे. १९६४ च्या उन्हाळ्यात येथील तरुणांनी गोऱ्यांसाठीच राखलेल्या उपाहारगृहांत, चर्चमध्ये, समुद्रकिनाऱ्यावर सत्याग्रह केला. मार्टिन ल्यूथर किंग यांना ११ जून रोजी खाडीकाठच्या मॉन्सन मोटर लॉजच्या पायऱ्यांवर अटक झाली. मोटेल पाडले गेले तरी त्या पायऱ्या जपून ठेवल्या आहेत. आठवड्यानंतर त्याच मोटेलच्या तलावात काळे-गोरे आंदोलक एकत्र उतरले तेव्हा व्यवस्थापकाने पाण्यात आम्ल ओतले, आणि ते छायाचित्र जगभर गेले. २ जुलैला नागरी हक्क कायद्यावर सही झाली. किंग १९५९ मध्ये भारतात आले तेव्हा मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात राहिले होते. सत्याग्रहाची रीत तेथून या दमट गावापर्यंत कशी पोचली हे जुन्या एक्सेल्सियर शाळेतले लिंकनव्हिल संग्रहालय पाहताना उमगते.

परतीच्या वाटेवर बेटावरचे दीपगृह लागते. १८७४ मधला, १६५ फुटांचा, काळ्या-पांढऱ्या सर्पिल पट्ट्यांचा हा मनोरा चढायला २१९ पायऱ्या आहेत. दोघांपैकी एकानेच चढायचे ठरवले तरी वाईट वाटून घेऊ नये. खालचे संग्रहालय आणि ओकांखालची बाके उत्तम आहेत.

चौथा दिवस हाती असेल तर दोन ठिकाणे उरतात, दोन्ही विरुद्ध दिशांना. उत्तरेला फोर्ट मोसे. इंग्रजांच्या कॅरोलिनातून पळून आलेल्या गुलामांना स्पेन कॅथलिक धर्म स्वीकारण्याच्या आणि पहारा देण्याच्या अटीवर स्वातंत्र्य देत असे. १७३८ मध्ये त्यांचे स्वतंत्र गाव येथे वसले आणि त्यांच्या पथकाचा नायक फ्रान्सिस्को मेनेंदेस हा स्वतः गुलामीतून सुटलेला होता. मूळ बांधकाम दलदलीने गिळले आहे. तरी पाणथळावरच्या लाकडी वाटेने जाऊन ती जागा पाहावी. दक्षिणेला सुमारे चौदा मैलांवर फोर्ट मतान्झास, १७४० ते ४२ मध्ये कोकीनाचाच बांधलेला छोटा पहाऱ्याचा किल्ला. मतान्झास म्हणजे कत्तली; मेनेंदेसने १५६५ मध्ये शरण आलेल्या सुमारे अडीचशे फ्रेंचांना या खाडीकाठी मारले, त्यावरून नाव. किल्ल्यावर होडीने जावे लागते आणि होडीत माणसे मोजकी घेतात. सकाळी लवकर पोचून, होडी सुरू आहे का हे त्या दिवशी विचारून मगच निघावे. ट्रेलर जोडून तेथे जाऊ नये, वाहनतळ लहान आहे.

मुक्काम हलवण्याच्या दिवशी दुपारी एकपर्यंत जागा सोडायची असते. सांडपाण्याच्या टाक्या पार्कच्या डंप स्टेशनवर रिकाम्या कराव्या लागतात आणि रविवारी तेथे रांग लागते, म्हणून नऊच्या सुमारास तयार असावे. हातमोजे घालून आधी शौचाची टाकी, मग अंघोळ-भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे दुसऱ्या पाण्याने नळी धुऊन निघते. शौचाच्या टाकीची झडप मुक्कामभर बंदच ठेवलेली असावी. रिकामी झाल्यावर तीत थोडे पाणी घालावे. जोड लावल्यावर सुरक्षेच्या साखळ्या जोडाखाली एकमेकींवरून ओलांडून अडकवाव्यात, गॅसच्या टाक्या बंद कराव्यात, एकाने आत बसून ब्रेक व दिशादर्शक दिवे लावावेत आणि दुसऱ्याने मागे उभे राहून ते पाहावेत. मग दोघांनी ट्रेलरभोवती उलटसुलट दिशांनी एकेक फेरी मारावी : पायरी आत, आधाराचे पाय वर, ठोकळे उचललेले, छपराची खिडकी बंद. फाटकातून बाहेर पडल्यावर डावीकडे वळून पुन्हा ३१२ चाच पूल धरावा.